शाळेच्या ताटातले होल मिल्क: अमेरिकेतील वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ जानेवारी २०२६ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘होल मिल्क फॉर हेल्दी किड्स’ या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि २०१२ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेतील अनुदानित शालेय जेवणातून बाहेर गेलेले पूर्ण स्निग्धांशाचे दूध पुन्हा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. तिथल्या शाळांत मुले असलेल्या मराठी पालकांना, आणि नातवंडांच्या खाण्यापिण्याची काळजी इथे बसून वाहणाऱ्या आजी-आजोबांनाही, या वादाबद्दल जे प्रश्न पडतात त्यांची ही उत्तरे आहेत. सगळी उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

होल मिल्क म्हणजे नेमके कोणते दूध? आपल्याकडच्या पिशव्यांच्या भाषेत सांगता येईल का?

अमेरिकेत किमान ३.२५ टक्के स्निग्धांश असलेल्या दुधाला होल मिल्क म्हणतात. त्याखाली २ टक्के, १ टक्का आणि जवळजवळ शून्य स्निग्धांशाचे स्किम दूध अशी उतरंड असते. भारतात फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्ड दुधात ४.५ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात १.५ टक्के स्निग्धांश असावा असे मानक आहे. म्हणजे ज्या दुधावरून वॉशिंग्टनमध्ये इतकी वर्षे खडाजंगी झाली, ते आपल्या हिशेबाने टोन्डच्या पिशवीपेक्षा जेमतेम पाव टक्क्याने घट्ट आहे. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या माणसाला ते पातळच वाटेल. हा तपशील सुरुवातीलाच लक्षात ठेवलेला बरा, कारण ‘होल मिल्क’ हे शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर जाड साय धरलेले पातेले उभे राहते आणि चर्चा तिथूनच भरकटते. अमेरिकी दूध बहुधा होमोजिनाइज केलेले असते, म्हणजे त्यातील स्निग्धाचे कण बारीक करून दुधात सारखे पसरवलेले असतात. त्यामुळे ते तापवले तरी आपल्या ओळखीची साय त्यावर धरत नाही.

आणखी एक गंमत अशी की ‘होल’ म्हणजे अखंड, हे नावही तितकेसे खरे नाही. अमेरिकेतील गायींच्या दुधाचा सरासरी स्निग्धांश अलीकडच्या वर्षांत ४ टक्क्यांच्या वर गेला आहे. दूध प्रकल्पात मलई वेगळी काढली जाते आणि मग ठरलेल्या प्रमाणात परत मिसळली जाते. तेव्हा होल मिल्क हीदेखील बहुतेक वेळा थोडी मलई काढून घेतलेलीच प्रत असते. गावच्या संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्ध वगळून दुधात उरणारे घन घटक) या आकड्यांवर दुधाचा दर लागताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळेत मिळणारा खोका साधारण २३७ मिलिलिटरचा असतो. होल मिल्कच्या एका खोक्यात सुमारे १५० कॅलरी, ८ ग्रॅम स्निग्ध आणि त्यातले सुमारे साडेचार ग्रॅम संपृक्त स्निग्ध, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, असते. १ टक्क्याच्या दुधात कॅलरी शंभराच्या आसपास आणि संपृक्त स्निग्ध दीड ग्रॅमच्या आसपास असते. प्रथिने सुमारे ८ ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे ३०० मिलिग्रॅम, हे दोन्हींत जवळजवळ सारखेच. म्हणजे सगळा वाद खोक्यामागे तीन ग्रॅम संपृक्त स्निग्ध आणि पन्नासेक कॅलरींचा आहे.

शाळेच्या जेवणात दूध आले कसे?

४ जून १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर सही केली. हा कायदा पुढे जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या उद्देशकलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत: देशातील मुलांच्या आरोग्याचे रक्षण करणे आणि देशी शेतमालाच्या खपाला उत्तेजन देणे. त्या काळच्या नमुना जेवणात अर्धा पिंट होल मिल्क हा ठरलेला घटक होता. १९५४ मध्ये खास दुधासाठी वेगळी योजनाही सुरू झाली.

मुलाचे पोट आणि शेतकऱ्याची बाजारपेठ यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासून कायद्यानेच मारून ठेवलेली आहे. आजच्या वादात एक पक्ष दुसऱ्यावर ‘तुम्ही दूध उद्योगाची तळी उचलता’ असा आरोप करतो, तेव्हा तो आरोप चुकीचा नसतो, पण नवाही नसतो. या कार्यक्रमात आज रोज सुमारे तीन कोटी मुले जेवतात, त्यामुळे इथला प्रत्येक नियम हा आपोआप बाजाराचाही नियम होतो.

मग २०१२ मध्ये होल मिल्क काढून का टाकले?

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १३ डिसेंबर २०१० रोजी ‘हेल्दी, हंगर-फ्री किड्स’ कायद्यावर सही केली. मिशेल ओबामा यांनी मुलांच्या स्थूलतेविरुद्ध चालवलेल्या मोहिमेचा या कायद्याला मोठा आधार होता. त्याखाली कृषी खात्याने जानेवारी २०१२ मध्ये जेवणाचे नवे नियम काढले. भाज्या, फळे, अख्ख्या धान्याचे पदार्थ यांच्याबरोबर दुधाचाही नियम बदलला आणि २०१२-१३ या शालेय वर्षापासून फक्त दोन तऱ्हांची दुधे चालतील असे ठरले: १ टक्क्याचे साधे दूध आणि स्किम दूध, साधे किंवा स्वादाचे. चॉकलेट दूध द्यायचे असेल तर ते स्किमच असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता.

यामागचे तर्कशास्त्र त्या काळी जवळजवळ सर्वमान्य होते. संपृक्त स्निग्ध रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे, कोलेस्टेरॉल वाढवते, मुलांच्या आहारात त्याचा एक मोठा स्रोत दूध आणि चीज हाच आहे, आणि मलई काढली तरी प्रथिने व कॅल्शियम कमी होत नाही. मग कॅलरी आणि संपृक्त स्निग्ध कमी करण्याचा याहून सोपा मार्ग कोणता? दुधातील अ जीवनसत्त्व मलईबरोबर निघून जाते, पण ते परत मिसळले जाते.

पुढे नियम थोडा हलत राहिला. २०१७ मध्ये कृषिमंत्री सॉनी पर्ड्यू यांनी स्वादाचे १ टक्का दूध परत आणले, नंतर त्या बदलावर न्यायालयात लढाई झाली, मग पुन्हा नवे नियम आले. होल मिल्क आणि २ टक्के मात्र या सगळ्या काळात बाहेरच राहिले.

बंदी उठवा, अशी मागणी करणारे कोण होते?

पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी आणि प्रतिनिधीगृहाच्या कृषी समितीचे अध्यक्ष ग्लेन थॉम्पसन यांनी हे विधेयक वर्षानुवर्षे लावून धरले. १३ डिसेंबर २०२३ रोजी ते प्रतिनिधीगृहात ३३० विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाले. हे आकडे पाहता हा केवळ एका पक्षाचा हट्ट नव्हता, हे उघड आहे. सिनेटमध्ये मात्र कृषी समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष, मिशिगनच्या डेबी स्टॅबनाऊ यांनी त्याला हरकत घेतली. शाळेत काय वाढायचे हे शास्त्रीय मार्गदर्शनाने ठरावे, संसदेने एकेक पदार्थ उचलून ठरवू नये, ही त्यांची भूमिका होती. विधेयक तिथेच अडले.

२०२५ मध्ये कान्ससचे रॉजर मार्शल आणि व्हरमाँटचे पीटर वेल्च यांनी ते सिनेटमध्ये पुन्हा आणले. पेनसिल्व्हेनियाचे दोन्ही सिनेटर, रिपब्लिकन डेव्ह मॅकॉर्मिक आणि डेमोक्रॅट जॉन फेटरमन, त्यांच्याबरोबर होते. पेनसिल्व्हेनिया आणि व्हरमाँट ही दुधाची राज्ये आहेत, हे सांगितले की पक्षभेद का विरघळले याचे कोडे उलगडते. आपल्याकडे दूधपट्ट्यातले आमदार दराच्या प्रश्नावर पक्ष विसरतात, तसेच हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिनेटने एकमताने आणि डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने त्याला मंजुरी दिली.

नव्या कायद्याने शाळांवर कसली सक्ती केली आहे?

होल मिल्क देण्याची सक्ती नाही. होल, २ टक्के, १ टक्का आणि स्किम, साधे किंवा स्वादाचे, सेंद्रिय किंवा नेहमीचे, यांपैकी शाळेला योग्य वाटेल ते देण्याची मुभा आहे. लॅक्टोजमुक्त दूध आणि पोषणाच्या दृष्टीने गायीच्या दुधाच्या तोडीचे वनस्पतिजन्य पेयही देता येते. लो-फॅट दूध बंद झालेले नाही, आणि ज्या शाळेने ठरवले की आमचे आहे तेच ठीक, तिला काहीही बदलावे लागत नाही. आपल्या शाळेत काय मिळते हे शाळा-जिल्ह्याच्या भोजन विभागाच्या मासिक तक्त्यातच पाहावे लागेल.

कायद्याने बदललेली दुसरी गोष्ट मात्र कमी चर्चिली गेली आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

दुधातील स्निग्ध ‘मोजायचे नाही’ असे कायदा म्हणतो, याचा अर्थ काय?

शालेय जेवणाचा एक जुना नियम असा आहे की आठवड्याच्या सरासरीत संपृक्त स्निग्धातून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असाव्यात. नवा कायदा सांगतो की ही मर्यादा तपासताना पिण्याच्या दुधातील स्निग्ध हिशेबात धरू नये.

कागद-पेन्सिल घेऊन बसले तर हे कलम का घालावे लागले ते लगेच दिसते. बालवाडीच्या मोठ्या गटापासून पाचवीपर्यंतच्या मुलांचे दुपारचे जेवण ५५० ते ६५० कॅलरींचे असावे लागते. मधला आकडा ६०० धरू. त्याचे १० टक्के म्हणजे ६० कॅलरी, आणि एका ग्रॅम स्निग्धाच्या ९ कॅलरी धरल्या तर ती मर्यादा साधारण ६.७ ग्रॅम येते. होल मिल्कचा एक खोका त्यातले साडेचार ग्रॅम एकटाच खाऊन टाकतो. उरलेल्या सव्वादोन ग्रॅममध्ये पिझ्झ्यावरचे चीज, कोंबडीचे तुकडे, सॅलडवरचे ड्रेसिंग असे सगळे बसवणे भोजन विभागाला शक्य झाले नसते. म्हणजे ही सूट दिली नसती तर होल मिल्कची परवानगी कागदावरच राहिली असती.

पण नाणे उलटून पाहा. स्वयंपाकघराने दूध सोडून बाकीच्या ताटात ६.७ ग्रॅमची मर्यादा पुरेपूर वापरली आणि मुलाने वर होल मिल्क घेतले, तर ताटातले संपृक्त स्निग्ध सव्वाअकरा ग्रॅमच्या घरात जाते. ६०० कॅलरींच्या जेवणात हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के होते. नियमाच्या वहीत ते तरीही १० टक्क्यांच्या आतच नोंदले जाईल. होल मिल्क मुलांसाठी चांगले की वाईट, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण वजन घेताना एक वस्तू तराजूतून उचलून बाजूला ठेवायची आणि काटा सरळ आहे असे म्हणायचे, ही पद्धत कोणत्याच बाजूच्या शास्त्राला धरून नाही. दुधातले संपृक्त स्निग्ध निरुपद्रवी आहे असे खात्रीने वाटत असेल, तर मर्यादा कशाची असावी याचाच नव्याने विचार करायला हवा होता. मर्यादा तीच ठेवून मोजमाप बदलणे ही राजकीय तडजोड आहे आणि तिला तडजोडच म्हणावे.

कॅलरींना मात्र ही सूट नाही. स्किमऐवजी होल मिल्क वाढले तर सत्तरच्या आसपास कॅलरी ताटात वाढतात, आणि त्या दुसरीकडे कुठेतरी कमी कराव्या लागतात. त्या कुठून कमी होतील, भातातून, पावातून की भाजीतून, हे प्रत्येक स्वयंपाकघर आपल्या परीने ठरवील.

नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वे काय सांगतात?

कायद्यावर सही होण्याच्या आठवडाभर आधी, ७ जानेवारी २०२६ रोजी, आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर आणि कृषिमंत्री ब्रुक रॉलिन्स यांनी २०२५ ते २०३० या काळासाठीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत साखर न घातलेल्या पूर्ण स्निग्धांशाच्या दुग्धजन्य पदार्थांना पसंती दिली आहे. १९८० पासून दर पाच वर्षांनी निघणाऱ्या या तत्त्वांचा कल अनेक आवृत्त्यांत कमी स्निग्धांशाच्या दुधाकडे होता, त्यामुळे हा बदल मोठा आहे. तरीही संपृक्त स्निग्धाची १० टक्क्यांची मर्यादा त्यांनीही कायम ठेवली आहे. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते आणि दिवसाला तीन कप होल मिल्क प्यायले तर त्यातले साडेतेरा ग्रॅम संपतात. मग उरलेल्या दिवसभरात तूप किती, चीज किती, मांस किती, हा हिशेब वाचणाऱ्याने आपल्या आपण करायचा आहे.

मुलांवर झालेले संशोधन नेमके कोणाच्या बाजूचे आहे?

दोन्ही बाजू ‘विज्ञान आमच्याकडे आहे’ असे म्हणतात, आणि दोघांकडेही त्याचा एकेक तुकडा आहे.

होल मिल्कच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा अभ्यास टोरांटोमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी २८ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे २१ हजार मुलांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. कमी स्निग्धांशाचे दूध पिणाऱ्यांपेक्षा होल मिल्क पिणाऱ्या मुलांमध्ये वजन जास्त असण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी दिसली. आकडा डोळ्यांत भरतो. पण हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, म्हणजे कोणी काय प्यायले ते पाहिले गेले, कोणाला काय प्यायला द्यायचे हे ठरवून दिले गेले नव्हते. अंगाने भरलेल्या मुलाला डॉक्टर किंवा आईवडील आधीच लो-फॅट दुधावर नेतात, आणि सडपातळ मुलाला ‘जरा अंगाला लागू दे’ म्हणून घट्ट दूध देतात. आपल्या घरांतही हेच चालते. मग दुधामुळे मूल सडपातळ राहिले, की सडपातळ होते म्हणून त्याला ते दूध मिळाले, हे अशा अभ्यासातून सुटे करता येत नाही. टोरांटोच्या संशोधकांनीही प्रयोगाची गरज मान्य केली.

तसा एक छोटा प्रयोग ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ ते ६ वर्षांच्या ४९ मुलांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटून तीन महिने एका गटाला पूर्ण स्निग्धांशाचे आणि दुसऱ्याला कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ दिले. वजनात, शरीरातील चरबीत किंवा हृदयाशी संबंधित रक्तचाचण्यांत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. होल मिल्कने नुकसान झाले नाही, ही एका पक्षाची बातमी. फायदाही झाला नाही, ही दुसऱ्याची. आणि ४९ मुले व तीन महिने यांवरून तीस-चाळीस वर्षांनंतरच्या हृदयविकाराबद्दल काहीच सांगता येत नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखे.

लो-फॅटच्या बाजूचा मुख्य आधार प्रौढांवरील दीर्घ संशोधन आहे. संपृक्त स्निग्धाच्या जागी वनस्पती तेलांतील असंपृक्त स्निग्ध घेतले तर एलडीएल उतरते, हे पुन:पुन्हा दिसले आहे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन त्याच आधारावर कमी स्निग्धांशाच्या दुधाचा सल्ला देते. पण शाळेच्या ताटात मलईची जागा जवसाचे किंवा करडईचे तेल घेत नाही. ती बरेचदा साखर घेते. हार्वर्डचे डेव्हिड लुडविग आणि वॉल्टर विलेट यांनी २०१३ मध्येच याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: स्निग्ध कमी करून साखर घातलेले दूध मुलांना देण्यामागे पुरावा कोणता? विलेट हे संपृक्त स्निग्धाचे समर्थक म्हणून ओळखले जात नाहीत, म्हणून त्यांच्या प्रश्नाला अधिक वजन येते.

तिन्ही तुकडे जोडून माझे मत असे बनते की खेळणाऱ्या-बागडणाऱ्या, एरवी नीट जेवणाऱ्या मुलाच्या आयुष्यात या खोक्यातील तीन ग्रॅम स्निग्धाने फार मोठे काही घडणार किंवा बिघडणार नाही.

मग चॉकलेट दुधाचे काय? खरी काळजी साखरेची नाही का?

आहे. अमेरिकी शाळांत स्वादाचे दूध, विशेषतः चॉकलेटचे, मुलांना फार आवडते. एप्रिल २०२४ च्या नियमानुसार २०२५ च्या शालेय वर्षापासून स्वादाच्या दुधाच्या एका खोक्यात वरून घातलेली साखर १० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. दहा ग्रॅम म्हणजे साधारण अडीच चमचे. दुधाची स्वतःची नैसर्गिक साखर, लॅक्टोज, सुमारे १२ ग्रॅम असते आणि ती यात धरलेली नाही. खोक्यावरचा ‘एकूण साखर’ हा आकडा पाहून पालक घाबरतात, त्यांनी त्याखालची ‘वरून घातलेली साखर’ ही ओळ वाचावी.

नव्या कायद्याने स्वादाचे होल मिल्कही चालते. म्हणजे स्निग्ध आणि साखर दोन्ही एकाच खोक्यात येऊ शकतात. ‘मलई परत आली, आता चवीसाठी साखर लागणार नाही’ असे समर्थक सांगत होते, पण कायद्यात तशी अट नाही.

मुले लो-फॅट दूध फेकून देतात, हे खरे आहे का?

शाळेच्या कचरापेटीत न उघडलेले दुधाचे खोके पडतात, हे खरे आहे आणि त्याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नाही. पण त्याचे सगळे खापर चवीवर फोडता येत नाही. जेवायला वेळ कमी मिळणे, दूध पुरेसे थंड नसणे, खोक्याला येणारा पुठ्ठ्याचा वास, आणि मुळात दूध नकोच असणे, ही कारणेही तितकीच जुनी आहेत. शिवाय अमेरिकेत दूध पिण्याचे प्रमाण २०१२ च्या कितीतरी आधीपासून, गेली अनेक दशके, घसरत आले आहे. १९७० च्या सुमारास माणशी दिवसाला जवळजवळ एक कप दूध प्यायले जात होते, ते २०१९ पर्यंत अर्ध्या कपावर आले. होल मिल्क आले म्हणून मुले जास्त दूध पितील, हे शक्य आहे. पण घसरण मलई काढल्यामुळे सुरू झाली असे म्हणणे कालक्रमात बसत नाही.

शेतकऱ्यांना याचा कितपत फायदा होईल?

वाटतो तितका सरळ नाही. मलई शाळेच्या खोक्यातून काढली म्हणजे ती ओतून दिली जात नव्हती. तिचे लोणी, आइस्क्रीम, चीज होत होते आणि तिचे पैसे मिळत होते. फायदा तेव्हाच होईल, जेव्हा मुले एकूण दूधच जास्त पितील. समर्थकांना त्याहून मोठी आशा सवयीची आहे: शाळेत पातळ दूध पिऊन दुधालाच कंटाळलेले मूल मोठेपणी गिऱ्हाईक होत नाही. पेनसिल्व्हेनियात गवताच्या गठ्ठ्यांवर ‘होल मिल्क ९७ टक्के फॅट-फ्री’ असे रंगवून रस्त्याकडेला ठेवण्याची मोहीम शेतकऱ्यांनी चालवली. ३.२५ ची वजाबाकी केली तर घोषणा खरीच आहे, आणि जाहिरात म्हणून तिला दाद द्यावी लागेल.

या धडपडीमागची कळ मात्र खोटी नाही. २००३ च्या सुमारास अमेरिकेत परवानाधारक दूध गोठे ७० हजारांच्या आसपास होते, वीस वर्षांत ते ३० हजारांच्या खाली आले. दुधाचे एकूण उत्पादन त्याच काळात वाढले. लहान गोठे बंद पडले आणि मोठे अधिक मोठे झाले. शाळेतील दुधाचा स्निग्धांश बदलून ही प्रक्रिया थांबेल असे समजण्यास आधार नाही.

ज्या मुलांना दूध पचत नाही त्यांचे काय?

जगातील सुमारे दोनतृतीयांश लोकांना बालपणानंतर लॅक्टोज नीट पचत नाही. अमेरिकेत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे, आणि आफ्रिकी, आशियाई व मूळ अमेरिकी वंशाच्या कुटुंबांत ते अधिक दिसते. मलई कमी-जास्त केल्याने लॅक्टोज कमी होत नाही, त्यामुळे स्निग्धाच्या वादात या मुलांचा प्रश्न बाजूलाच राहत होता. नव्या कायद्याने इथे एक स्वागतार्ह बदल केला आहे. आहारावर मर्यादा आणणारी अडचण असलेल्या मुलाला पर्यायी पेय हवे असेल, तर पूर्वी डॉक्टरची चिठ्ठी लागत असे, आता आईवडिलांचे किंवा पालकाचे लेखी पत्रही पुरेसे आहे.

एक बारकावा आपल्या घरांसाठी. दही पचते पण दूध नाही, अशी मुले आपल्याकडे पुष्कळ असतात. शाळेच्या नियमांत दही हे प्रथिनांच्या गटात मोजले जाते, दुधाच्या जागी नाही. तेव्हा ‘दुधाऐवजी दही द्या’ ही मागणी तिथे त्या शब्दांत बसत नाही.

होल मिल्क म्हणजे कच्चे दूध का?

नाही. दोन्ही विषय सध्या एकत्र ऐकू येतात, एवढेच. शाळेतील दूध पाश्चरीकृतच, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेलेच, असते, मग त्याचा स्निग्धांश कोणताही असो.

आमच्या घराण्यात हृदयविकार आहे. मुलाला होल मिल्क घेऊ द्यावे का?

हा प्रश्न दक्षिण आशियाई पालकांनी विचारायलाच हवा. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदला आहे. तिथले बालरोगतज्ज्ञ ९ ते ११ या वयात सर्वच मुलांची एकदा कोलेस्टेरॉल तपासणी सुचवतात. घरात कोणाला तरुण वयात झटका आला असेल किंवा कोलेस्टेरॉल आनुवंशिकतेने फार जास्त असेल, तर ही तपासणी टाळू नये आणि दुधाचा निर्णय तिच्या निकालावर, डॉक्टरांशी बोलून घ्यावा. अशा मुलासाठी १ टक्क्याचे दूध हा आजही समंजस पर्याय आहे. ज्या घरात सकाळी वरणभातावर तूप, संध्याकाळी पनीर आणि रात्री झोपताना केशर-बदामाचे दूध असते, तिथे शाळेतला खोका हा हिशेबातला शेवटचा आकडा असतो, पहिला नव्हे.

एक ते दोन वर्षांच्या बाळांचा प्रश्न वेगळा आहे. त्या वयात पूर्ण स्निग्धांशाचेच दूध द्यावे, याबद्दल अमेरिकेतही वाद नव्हता.

भारतात असा वाद का होत नाही?

कारण आपल्या शाळांत दूधच सार्वत्रिक नाही. पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे मानक आहे, दूध हा त्यातला अनिवार्य घटक नाही. कर्नाटकाने २०१३ मध्ये ‘क्षीरभाग्य’ योजना सुरू करून दूध भुकटीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध शाळांत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात अलीकडे भांडण झाले ते अंड्यावरून.

पण दुधातली मलई कमी करण्याच्या कल्पनेशी मुंबईचे जुने नाते आहे. म्हशीच्या दाट दुधात स्किम भुकटी आणि पाणी मिसळून अधिक लोकांना परवडेल असे टोन्ड दूध करण्याचे श्रेय आरे दूध वसाहतीशी जोडलेल्या दारा खुरोडी यांना दिले जाते. वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे मलई कमी करण्याचा हेतू दूध पुरवून वाढवण्याचा होता, अमेरिकेत तो कंबरेचा घेर कमी करण्याचा होता. ज्या देशातील पाचांतले जवळजवळ एक मूल स्थूल आहे आणि ज्या देशात वाढ खुंटलेली मुले अजून मोठ्या संख्येने आहेत, त्यांचे नियम एकमेकांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. ‘अमेरिकेनेही आता होल मिल्क मान्य केले’ असे संदेश इथल्या कुटुंबांच्या गटांत फिरतात, ते पुढे पाठवण्यापूर्वी तिथले होल म्हणजे इथले जवळजवळ टोन्ड, हे आठवावे.

मुलाला शाळेत दूध घ्यावेच लागते का?

बहुतेक शाळांत नाही. जेवणाचे पाच घटक असतात: प्रथिने, धान्य, भाजी, फळ आणि दूध. माध्यमिकच्या वरच्या वर्गांत, आणि ज्या शाळांनी स्वीकारले असेल तिथे लहान वर्गांतही, मुलाने पाचांपैकी किमान तीन घटक घेतले आणि त्यांत अर्धा कप फळ किंवा भाजी असली की जेवण पूर्ण धरले जाते. ज्या शाळेत ही मुभा नाही, तिथे दुधाचा खोका ताटात ठेवला जातो, पण तो पिण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही. पिण्याचे पाणी जेवणाच्या जागी विनामूल्य उपलब्ध ठेवणे शाळेवर बंधनकारक आहे. न उघडलेले खोके इतर मुलांसाठी ठेवण्याचे एक टेबल अनेक शाळांत असते. आपल्या मुलाला ते कुठे आहे ते विचारून पाहावे, कारण नको असलेला खोका कचऱ्यात टाकण्याऐवजी तिथे ठेवला तर ज्याला दुसरा हवा आहे त्याला तो मिळतो.